सिलिकॉन वायपर आणि पाणी झटकणारा लेप: थरथर व धुरकटपणा पुन्हा पुन्हा का येतो, आणि तो कसा घालवावा

पावसाळा तोंडावर आला की बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील बरेच गाडीमालक दोन कामे एकदमच उरकून घेतात. समोरच्या काचेवर पाणी न टिकू देणारा लेप लावला जातो आणि जुने रबरी वायपर काढून त्यांच्या जागी सिलिकॉनचे, किमतीने बरेच वरचे ब्लेड बसवले जातात. दोन्ही वस्तू आपापल्या जागी चांगल्या आहेत. तरीही थोड्याच दिवसांत तक्रार सुरू होते. वायपर काचेवरून सरकत न जाता थरथरत, कचकचत जातो, आणि रात्री समोरून दिव्यांचा झोत आला की प्रत्येक फेरीनंतर काचेवर एक-दोन सेकंद दुधाळ पडदा राहतो. मग दुकानदार ब्लेड बदलून देतो, वॉशिंग सेंटरवाला लेपाचा आणखी एक हात मारतो, चार दिवस बरे जातात आणि दोष पुन्हा हजर होतो. तो परत येतो याचे कारण असे की मुळाला कोणी हातच लावलेला नसतो. काचेवर आधीचे जे थर बसलेले असतात ते न काढता त्यांच्यावर नवा थर चढवला जातो, आणि कोणत्या लेपाबरोबर कोणता ब्लेड चालतो हे पाहिले जात नाही.

वायपर चांगला चालतो तो काचेवर पाणी असते म्हणून. स्वच्छ, उघडी काच पाण्याला धरून ठेवते, तिच्यावर पाणी सलग पसरते, आणि त्या पातळ पाण्यावरून ब्लेडची कड अलगद घसरत जाते. तेथे पाणी हेच वंगण असते. लेप लावला की पाण्याचे वागणे पालटते. थेंब पसरत नाही, गोळा होऊन बसतो. चांगल्या लेपावर थेंबाचा काचेशी होणारा कोन साधारण १०० ते ११० अंशांपर्यंत जातो. दोन थेंबांमधली काच मात्र कोरडी राहते. ब्लेडची कड एका क्षणी पाण्यावर असते, तर दुसऱ्या क्षणी कोरड्या काचेवर. कोरड्या जागी ती अडकते, वाकते, तिच्यात ताण साठतो आणि मग ती एकदम सुटून पुढे उडी घेते. हे अडकणे आणि सुटणे एका फेरीत अनेकदा घडले की त्यालाच आपण थरथर म्हणतो. म्हणूनच मुसळधार पावसात हाच वायपर बिनतक्रार चालतो आणि भुरभुर पावसात किंवा धुक्यात कचकचू लागतो.

लेप सगळा एकसारखा बसलेला असेल तर कोरड्या जागेवरचे घर्षणही एकसारखे आणि पुष्कळच कमी असते, त्यामुळे थरथर सहसा होत नाही. त्रास होतो तो लेप ठिकठिकाणी झिजलेला, कुठे जाड तर कुठे पातळ, किंवा खालच्या तेलकट थरावर नुसता टेकलेला असतो तेव्हा.

आता सिलिकॉन ब्लेडचा स्वभाव पाहू. साधा वायपर नैसर्गिक रबराचा असतो. घर्षण कमी व्हावे म्हणून त्याच्या कडेवर बहुधा ग्रॅफाइटचा हात दिलेला असतो, आणि ऊन व हवेतील ओझोन यांमुळे तो कडक होऊन चिरतो. सिलिकॉन रबराला ऊन आणि ओझोन सहजासहजी बाधत नाहीत, त्यामुळे तो जास्त टिकतो. मात्र फाटण्याला तो रबरापेक्षा कमी तोंड देतो. बारीक खड्याने त्याच्या कडेला लवकर खाच पडते. आणि आपल्या विषयासाठी सर्वांत महत्त्वाचा गुण असा की लेप सोडणारे सिलिकॉन ब्लेड काचेवर घासता घासता स्वतःचा एक अतिशय पातळ, पाणी झटकणारा थर चढवत राहतात. म्हणजे हा ब्लेड काच पुसतोही आणि काचेवर लेपही लावतो. ज्याने आधीच बाटलीतला लेप लावला आहे त्याच्या काचेवर आता दोन लेप एकमेकांवर येऊ लागतात, आणि ते जुळणारे आहेत की नाहीत यावर पुढचे सगळे अवलंबून राहते.

आधी दोष ओळखावा

काहीही विकत घेण्यापूर्वी काचेवर पाणी ओतून, वायपर चालवून नीट पाहावे. थरथर फक्त जाताना किंवा फक्त येतानाच होत असेल, तर दोष बहुधा लेपात नसून वायपरच्या दांडीत असतो. दांडी किंचित पिळलेली असते आणि ब्लेडची कड फेरीच्या शेवटी दुसऱ्या बाजूला उलटत नाही. थरथर दोन्ही बाजूंनी होत असेल आणि पाणी कमी झाल्यावर वाढत असेल, तर काचेवरचा थर दोषी समजावा. प्रत्येक फेरीत अगदी त्याच जागी ब्लेड अडकत असेल, तर तेथे काहीतरी चिकटलेले आहे किंवा काचेला टोचे पडलेले आहेत. पाण्याची एकच बारीक रेघ मागे राहत असेल तर ब्लेडच्या कडेला खाच आहे किंवा खडा अडकला आहे. मधला रुंद पट्टा पुसलाच जात नसेल तर ब्लेडचा बाक त्या काचेला जुळत नाही किंवा दांडीची स्प्रिंग ढिली झाली आहे.

धुरकटपणाच्या बाबतीत एक फसगत नेहमी होते, म्हणून तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे. चोर्ला घाटात किंवा आंबोलीच्या वाटेवर पावसाळ्यात हवा ओलसर असते आणि गाडीत एसी चालू असतो. त्याची थंड हवा समोरच्या काचेवर सोडलेली असेल तर काचेच्या बाहेरच्या अंगाला दव धरते. वायपर ते पुसतो, क्षणभरात ते पुन्हा धरते, आणि चालकाला वाटते की वायपर माखतो आहे. अशा वेळी थंड हवेचा झोत काचेवरून काढून पायांकडे वळवावा किंवा तापमान थोडे वाढवावे. पडदा नाहीसा झाला तर लेपाला आणि ब्लेडला दोष देण्याचे कारण उरत नाही. उलट, काचेवर आतून बोट फिरवल्यावर रेघ उमटत असेल तर बाफ आतली आहे, आणि तिच्यासाठी एसी चालू ठेवूनच हवा काचेवर सोडावी लागते. ही दोन टोकांची कारणे वगळल्यावर जो पडदा उरतो, म्हणजे ब्लेडच्या मागोमाग उमटतो आणि एक-दोन सेकंदांत विरतो, तोच खरा लेपाचा पडदा. अतिबारीक थेंबांचा तो थर असतो, आणि काचेवर तेलकट किंवा अर्धवट पुसलेला लेप आहे याचे ते लक्षण आहे.

आपल्या भागात काचेवर काय काय बसते

लेपाच्या बाटलीवर ‘स्वच्छ काचेवर लावा’ एवढेच लिहिलेले असते, आणि शाम्पूने गाडी धुतली म्हणजे काच स्वच्छ झाली असे आपण धरून चालतो. आपल्या भागात तसे होत नाही.

ऊस गाळपाच्या हंगामात संकेश्वर, चिकोडी, रायबाग, अथणी या बाजूच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची धूळ, शेतात जाळलेल्या पाचटाची काजळी आणि कारखान्याच्या चिमणीतून येणारी बगॅसची, म्हणजे रस काढलेल्या उसाच्या चिपाडाची, राख गाडीवर बसते. बगॅसच्या राखेत सिलिकाचे, म्हणजे वाळू आणि काच ज्याची बनते त्या द्रव्याचे, प्रमाण मोठे असते, म्हणजे ती काचेलाच घासू शकणारी राख आहे. कोरड्या काचेवर वायपर फिरवून ती पुसणे हे सिलिकॉन ब्लेडची कड बिघडवण्याचे सर्वांत मोठे कारण आहे, असे माझे ठाम मत आहे. उद्यमबागेत फाउंड्रीजवळ रोज गाडी उभी करणाऱ्यांच्या काचेवर लोखंडाचे सूक्ष्म कण बसतात, ते गंजून चिकटतात आणि धुण्याने निघत नाहीत. बोटावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून ओल्या काचेवरून हलके फिरवले की त्यांचा खरखरीतपणा कळतो. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर रोज धावणाऱ्या गाडीवर डिझेलच्या धुराचा आणि टायरच्या रबराचा तेलकट थर साचतो. जेथे बोअरच्या जड पाण्याने गाडी धुतली जाते तेथे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांचे पांढरे डाग उन्हात काचेवर वाळून बसतात.

यात आपल्याच हाताने घातलेली भर आणखी निराळी. वॉशिंग सेंटरमध्ये डॅशबोर्डला आणि टायरला चकाकी आणणारे सिलिकॉनचे पॉलिश वापरतात, आणि पुष्कळदा त्याच फडक्याने शेवटी काचही पुसली जाते. मेणयुक्त शाम्पूचेही तसेच. रात्रीच्या धुरकटपणाच्या तक्रारींमागे हे फडके जेवढ्या वेळा असते तेवढ्या वेळा ते कोणाच्या लक्षात येत नाही. ट्रक चालवणाऱ्यांमध्ये पावसात काचेवर ओली तंबाखू चोळण्याची जुनी रीत आहे, आणि निपाणीसारख्या तंबाखूच्या गावात ती माहीत असणे साहजिकच आहे. तिचा उपयोग होत नाही असे मी म्हणणार नाही, कारण तंबाखूच्या अर्काने पाणी काचेवर सलग पसरते आणि वायपर बंद असतानाही थोडे दिसत राहते. परंतु लेपाचे काम नेमके याच्या उलट, म्हणजे पाणी गोळा करण्याचे आहे. लेप असलेल्या काचेवर तंबाखू चोळली की काही भाग पाणी पसरवतो आणि काही भाग ते गोळा करतो, आणि अशा काचेवर कोणताही ब्लेड थरथरणारच.

काच मुळापर्यंत स्वच्छ करणे

हे काम सकाळी, सावलीत आणि काच थंड असताना करावे. आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहू द्यावी, मग मेण नसलेल्या साध्या शाम्पूने काच धुवावी. क्षारांचे डाग असतील तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समभाग घेऊन फडक्याने काही मिनिटे डागांवर ओले ठेवावे आणि धुऊन टाकावे. रंगावर ते ओघळू देऊ नये. लोखंडाचे कण आणि डांबराचे ठिपके क्ले बारने, म्हणजे चिकटलेले कण उचलून घेणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने, निघतात. क्ले नेहमी ओल्या, साबणाच्या पाण्याने बुळबुळीत केलेल्या काचेवर फिरवावी आणि तिच्यात कण दिसू लागले की घडी घालून नवी बाजू वापरावी.

जुना लेप आणि जुने सिलिकॉन मात्र यांपैकी कशानेही पूर्ण निघत नाही. सिलिकॉन जातीचे लेप काचेच्या सिलिकाशी रासायनिक बंधाने जोडले जातात, म्हणून शाम्पू, व्हिनेगर आणि स्पिरिट यांना ते दाद देत नाहीत. त्यांना घासूनच काढावे लागते. त्यासाठी सेरियम ऑक्साइड वापरावे. काचेला पॉलिश करणाऱ्यांकडची ही भुकटी, किंवा तीच घातलेले तयार ग्लास पॉलिश, पाण्यात दाटसर कालवून ओल्या स्पंजवर किंवा नमद्यावर घ्यावे आणि हाताने, वीतभर जागेत, उभे-आडवे चोळावे. ते वाळू देऊ नये. सुरुवातीला लगदा लेप असलेल्या जागेवरून फुटून बाजूला सरकतो. लेप गेला की तोच लगदा काचेवर सलग पसरून राहतो. ही खूण अत्यंत भरवशाची आहे, आणि तिच्यामुळे कोणता भाग राहिला हे डोळ्यांना दिसत जाते. यंत्राने चोळू नये, कारण एकाच जागी जास्त घासले गेले तर काचेतून दिसणारे चित्र वेडेवाकडे होऊ शकते. काचेच्या कडेचे रबर आणि बॉनेटवरची जाळी कागदी टेपने झाकून घ्यावी. तेथे वाळलेली भुकटी काढणे फार कटकटीचे असते.

शेवटी काचेवर स्वच्छ पाणी ओतावे आणि थांबून पाहावे. पाणी एका चादरीसारखे, न फाटता खाली उतरले तर काच उघडी झाली. कोठे भोक पडले, पाणी मागे सरले, तर तेवढ्या जागी पुन्हा चोळावे. या परीक्षेत काच उत्तीर्ण होईपर्यंत पुढे जाऊ नये, कारण पुढच्या सगळ्या गोष्टींचा टिकाव येथे ठरतो. त्यानंतर कोरड्या काचेवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक हात स्वच्छ मायक्रोफायबर फडक्याने द्यावा. हे अल्कोहोल मोबाइल व इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीच्या साहित्याच्या दुकानांत मिळते. ब्लेडही त्याच वेळी पुसावेत. रबरी ब्लेडवरून ओले फडके एकदा-दोनदाच फिरवावे, जोर लावून पुसल्यास ग्रॅफाइट निघून जाते. सिलिकॉन ब्लेड साबणाच्या पाण्याने पुसून धुवावा.

कोणत्या लेपाबरोबर कोणता ब्लेड

बाजारात मिळणारे लेप ढोबळमानाने दोन जातींचे असतात. एक पॉलिसिलोक्सेनचे, म्हणजे सिलिकॉनच्याच कुळातले. १९७२ पासून अमेरिकेत विकला जाणारा रेन-एक्स हा त्यांतला सर्वांत जुना आणि परिचित. दुसरे फ्लोरिनयुक्त सिलेनचे. पीपीजी या तेव्हा काच व रंग बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने आणलेला ॲक्वापेल हा त्यांतला ठळक. दुसऱ्या जातीचे लेप सामान्यतः जास्त दिवस टिकतात.

सिलिकॉन ब्लेड ठेवायचा असेल तर माझी पहिली पसंती उघड्या काचेला आहे. बाटलीतला लेप लावूच नये. ब्लेडच्या वेष्टनावर तशी सूचना असेल तर स्वच्छ, धूळरहित काचेवर तो सांगितलेली मिनिटे कोरडा चालवावा, म्हणजे पहिला थर चढतो. सुरुवातीला काच पट्ट्यापट्ट्यांची दिसेल. दोन-तीन पावसांत ती एकसारखी होते. ही कोरडी फेरी धुळीच्या काचेवर चुकूनही करू नये.

दुसरी चालणारी जोडी म्हणजे सिलोक्सेन लेप आणि सिलिकॉन ब्लेड. दोन्ही एकाच कुळातले असल्याने ब्लेडने सोडलेला थर झिजलेल्या लेपाची भर काढतो. येथे चूक होते ती जाडीची. लेप पातळ लावावा, वाळून धुरकट झाला की आधी किंचित ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पूर्ण स्वच्छ होईपर्यंत पुसावा. बाजूने, तिरक्या उजेडात पाहिल्यावर एकही ढग दिसता कामा नये. दर महिन्याला नवा हात देण्याची गरज या जोडीत राहत नाही, आणि दिला तर धुरकटपणाच वाढतो.

फ्लोरिनच्या लेपावर सिलिकॉन ब्लेड मी सुचवणार नाही. फ्लोरिनच्या पृष्ठभागाला काहीही धड चिकटत नाही, हाच त्याचा गुण आहे. ब्लेड सोडत असलेले सिलिकॉन तेथे एकसारखे बसत नाही, ते माखत राहते, आणि समोरच्या दिव्यांत नेमका तोच दुधाळ पडदा दिसतो. ज्यांना हा लेप हवा आहे त्यांनी त्याच्यावर ग्रॅफाइट लावलेला चांगला रबरी ब्लेड वापरावा आणि तो दरवर्षी मृगाच्या आधी बदलावा.

लेप लावावाच का, हा प्रश्नही आपल्या रस्त्यांच्या संदर्भात विचारण्यासारखा आहे. गोळा झालेले थेंब वाऱ्याने आपोआप वर उडून जातात ते साधारण ताशी ६० किलोमीटरच्या पुढे. बेळगावहून निपाणी किंवा धारवाडकडे महामार्गाने जाणाऱ्याला त्याचा मोठा लाभ होतो. परंतु जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ल्याला उतरणाऱ्या किंवा आंबोलीचा घाट चढणाऱ्या गाडीचा वेग वळणावळणांवर २०-३० असतो. आंबोलीत वर्षाला ७,००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि तेथे थेंब उडत नाहीत, जागच्या जागी चमकत बसतात. ज्यांची बहुतेक ये-जा घाटांतून आहे त्यांनी बाटलीचा नाद सोडून उघडी काच आणि उत्तम ब्लेड एवढ्यावर भर दिल्यास त्यांना जास्त स्वच्छ दिसेल.

दांडीचा पीळ आणि टाकीतले पाणी

थरथर एकाच बाजूची असेल तर वायपर फेरीच्या मध्यावर थांबवावा, ब्लेड काढावा आणि दांडीचे सपाट टोक काचेशी समांतर आहे का ते बाजूने पाहावे. नसेल तर फडके गुंडाळून पान्याने ते अगदी थोडे पिळावे, ब्लेड लावून पाहावे आणि लागल्यास पुन्हा करावे. ब्लेड काढलेला असताना काचेवर जाड टॉवेलची घडी अवश्य ठेवावी. उघडी दांडी स्प्रिंगच्या जोराने आदळली की काचेला तडा जातो, आणि तो खर्च वायपरच्या कित्येक पट असतो. प्लास्टिकची दांडी असलेल्या नव्या गाड्यांवर हे काम गॅरेजमध्येच करून घ्यावे.

वॉशरच्या टाकीत बोअरचे पाणी घालू नये. आरओचे शुद्ध पाणी, एसीतून ठिबकणारे पाणी किंवा पन्हळीचे गाळलेले पावसाचे पाणी चालते. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी मात्र मूळ पाण्यापेक्षाही जड असते, ते चालत नाही. टाकीत कपड्याची पावडर, भांड्यांचा साबण किंवा पाणी झटकण्याचा गुण असल्याचे सांगणारे द्रव मिसळले तर काचेवर तिसरा थर येतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

ज्या गाड्यांत पाऊस ओळखून वायपर आपोआप चालतात त्यांच्या काचेवर, आरशामागे, एक संवेदक असतो. तो काचेतून अवरक्त प्रकाश सोडून परत येणारा प्रकाश मोजतो. थेंबांचा आकार बदलला की त्याचा अंदाजही बदलू शकतो, म्हणून त्या जागेवर लेप लावण्याबाबत गाडीच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे ते आधी वाचावे.

एवढे करूनही रात्री समोरच्या दिव्यांभोवती बारीक ठिणग्यांसारखे ठिपके दिसत राहिले, तर सूर्य समोर कलता असताना काच आतून पाहावी. वर्षानुवर्षांच्या वाळूने आणि खडीने पडलेले असंख्य टोचे तेव्हा स्पष्ट दिसतात. ते कोणत्याही लेपाने भरत नाहीत आणि सेरियमने घासूनही जात नाहीत. अशा काचेवर ब्लेडची कड फार लवकर खराब होते, तेव्हा नवे ब्लेड घेत राहण्यापेक्षा काचच बदलून घेणे योग्य ठरते, आणि नव्या काचेवर पहिल्या दिवसापासून वरीलपैकी एकच जोडी ठरवून ती कायम ठेवावी.